टक्क्यांची रेघ कोण ओढतं?

मे-जूनमध्ये निकाल लागतात. वस्तीत त्या दिवशी दोन तऱ्हेची घरं असतात. एका घरात पेढे येतात. दुसऱ्या घरातलं पोरगं अंधार पडेस्तोवर घरी येत नाही. बारावीला बेचाळीस टक्के. नाहीतर पंचेचाळीस. बाप म्हणतो, ‘बस झालं शिक्षण. कुठं चिकटतो का बघ.’ शेजारचा शहाणा म्हणतो, ‘एवढ्यावर कोण घेतंय कॉलेजात?’ आणि महिन्याभरात ते पोरगं कुठल्या तरी गोडाऊनच्या दारात हमाली करताना दिसतं.

निकाल बोर्डानं दिला. पण शिक्षण थांबवायची शिक्षा कोणी दिली? बोर्डानं तर दिली नाही. बोर्डाच्या कागदावर ‘उत्तीर्ण’ असं लिहिलेलं असतं.

मित्रांनो, मी सूतगिरणीत काम करणारा माणूस. इतिहास मी पाळी सुटल्यावर वाचला. कोणी शिकवला नाही. पण वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. कॉलेजच्या दारावर जी टक्क्यांची रेघ ओढलेली असते ती देवानं ओढलेली नाही. ती माणसांनी ओढली. अनेकदा पुसली, अनेकदा सरकवली. कधी आपल्यासाठी खाली आली. बहुतेक वेळा आपण जवळ पोचलो की वर गेली. ह्या रेघेचा इतिहास आपल्या पोरांना ठाऊक नाही, म्हणून बेचाळीस टक्क्यांनी ती खचतात.

मार्क विचारायच्या आधी

पहिल्यांदा मार्कांचा प्रश्नच नव्हता. १८५६ सालच्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होतं. मुलाला दारातूनच परत लावलं. प्रकरण मुंबई सरकारकडं गेलं. सरकारनं काय म्हणावं? तत्त्वतः न्याय ह्या मुलाच्या बाजूचा आहे, पण एकट्यादुकट्यासाठी युगानुयुगांचे पूर्वग्रह असे झटक्यात मोडायला गेलं तर शिक्षणाच्याच कार्याची हानी होईल. म्हंजे मुलगा बरोबर, तत्त्व बरोबर, फक्त शाळा नाही.

१८५८ साली लंडनहून कंपनीच्या वरिष्ठांनी कळवलं की सरकारी शाळा सर्वांना खुल्या असाव्यात. हुकूम कागदावर आला. पण गावातल्या शाळेची पायरी कागदानं चढता येत नाही. १८८१-८२ सालचे मुंबई इलाख्याचे आकडे पाहा. कॉलेजांमधून शिकणाऱ्यांत अस्पृश्य विद्यार्थी एकही नव्हता. शून्य. हे सगळं धारवाडच्या प्रकरणासकट बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं सायमन कमिशनपुढं मांडलं. त्या शून्याला कोणी ‘कमी मार्क’ म्हटलं नाही. मार्क मिळवायची पाळीच आली नव्हती.

जोतीरावांनी नेमकं बोट ठेवलं

१८८२ साली हंटर कमिशन आलं. पुण्याहून जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढं निवेदन दिलं. त्यातली प्राथमिक शिक्षणाची मागणी आपण भाषणांत सांगतो. पण दोन गोष्टी आपण सांगत नाही, आणि आजच्या बारावीच्या पोराला त्याच लागतात.

पहिली गोष्ट शिष्यवृत्त्यांची. त्या काळी शिष्यवृत्ती चढाओढीनं मिळायची. ज्याला जास्त मार्क त्याला पैसे. जोतीराव म्हणाले, ही पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसते, पण तिनं इतर वर्गांमध्ये विद्या पसरत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्या जातींत शिक्षण पोचलंच नाही त्यांच्यासाठी ठेवा.

आता हे दोन कागद शेजारी ठेवून बघा. १८५६ साली सरकार म्हणतं, तत्त्वतः तू बरोबर, पण तुला घेता येत नाही. १८८२ साली जोतीराव म्हणतात, तत्त्वतः तुमची चढाओढ बरोबर, पण ती आम्हाला घेत नाही. ‘तत्त्वतः’ हा शब्द सरकारनं आपल्याला बाहेर ठेवायला वापरला. जोतीरावांनी तोच उलटा करून सरकारच्या हातात दिला. आज जो कोणी ‘सगळ्यांना एकच पेपर, मग तक्रार कसली?’ म्हणतो, त्याला सव्वाशेच्या वर वर्षांपूर्वी माळ्याच्या ह्या पोरानं उत्तर देऊन ठेवलंय.

दुसरी गोष्ट बाहेरून परीक्षेला बसण्याची. मुंबई विद्यापीठ तेव्हा खासगी अभ्यास करणाऱ्याला प्रवेश परीक्षेला, म्हंजे मॅट्रिकला, बसू द्यायचं. पण पुढं नाही. जोतीरावांनी मागितलं की हीच सवलत बी.ए., एम.ए.ला द्या. घरी, कामावर राहून वाचणाऱ्या तरुणालाही पदवी मिळू द्या. १८५५ साली ज्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, त्यांना ठाऊक होतं की दिवसा कॉलेजात बसायला ज्याच्या घरी दुसरा कोणीतरी कमावता लागतो.

बाबासाहेबांची मार्कलिस्ट

आता आपल्या बापाकडं येऊ. भीमराव रामजी आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. किती मार्क? साठ टक्क्यांच्या खाली. आजच्या बोलीत ‘फर्स्टक्लास नाही’. आजच्या एखाद्या नावाजलेल्या कॉलेजच्या पहिल्या यादीत हे नाव लागलं नसतं.

मार्क कुठं बसून मिळवले तेही बघा. परळच्या चाळीतली एक खोली. तिच्यातच चूल, तिच्यातच भांडीकुंडी, जळण, तिच्यातच माणसं निजायची. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहायचे आणि मग पोराला उठवून अभ्यासाला बसवायचे, कारण तेव्हाच काय ती शांतता. शाळेत संस्कृत शिकायचं होतं, ते शिकू दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. ह्या सगळ्याची बेरीज मार्कलिस्टवर छापलेली नसते. तिथं फक्त आकडा असतो.

तरी त्यांचं शिक्षण थांबलं नाही. का? दोन कारणं आहेत, दोन्ही नीट समजून घ्या.

एक म्हंजे त्या काळी मॅट्रिक हीच विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. पास झाला तो कॉलेजात जायला लायक. रेघ ‘पास’वर होती, ‘कितवा आला’वर नव्हती. १९०८ साली एल्फिन्स्टन कॉलेजचं दार उघडलं.

दोन म्हंजे त्यांच्या मार्कांकडं न बघता त्यांच्याकडं बघणारी माणसं उभी राहिली. मॅट्रिकनंतर सत्काराची सभा झाली. सी. के. बोले अध्यक्ष. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भेट दिलं. पुढं घरचा पैसा आटला तेव्हा ह्याच केळुसकरांनी सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेलं, आणि महिना पंचवीस रुपये सुरू झाले. त्यावर बी.ए. झालं. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. १९१५ साली तिथली एम.ए. १९२३ साली लंडनची डी.एस्‌सी.

मॅट्रिकचा तो आकडा ह्यातलं काय सांगू शकला होता? काहीच नाही. आकड्यानं फक्त मागचं सांगितलं. खोली किती, दिवा किती, पुस्तक किती. पुढचं सांगायची त्याची ताकदच नव्हती.

कोणी म्हणेल, सगळेच काय बाबासाहेब होतात? नाही होत. पण हे उलटं विचारा. त्या दिवशी चाळीतल्या कोणा शहाण्यानं ‘बस झालं’ म्हटलं असतं आणि रामजींनी ते ऐकलं असतं, तर आपण आज कुठं असतो? आणि अशी किती मॅट्रिक झालेली पोरं त्या काळी ‘बस झालं’वर संपली, त्यांची नावं कुठल्या पुस्तकात आहेत?

दार स्वतः बांधलं

बाबासाहेबांनी आपल्यावर झालेलं नशीब म्हणून सोडून दिलं नाही. एक केळुसकर, एक गायकवाड भेटला तर पोरगं शिकणार, नाहीतर नाही, ही भीक झाली. त्याचा हक्क करायचा होता. व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांच्या प्रयत्नानं १९४४ साली अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी. २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. तिथं सकाळचे वर्ग भरायचे, म्हंजे नोकरी करणाऱ्याला शिकून कामावर जाता यावं. जोतीराव १८८२ साली जे मागत होते त्याचा हा दुसरा मार्ग. १९५० साली औरंगाबादेत दुसरं कॉलेज, त्याचंच पुढं मिलिंद झालं. मराठवाड्यातली किती घरं त्या एका दारातून उजेडात आली ते तिकडच्या कोणालाही विचारा.

मद्रासचा खटला

घटना लागू झाली आणि वर्ष-सव्वा वर्षात पहिला घाव आला. मद्रास राज्यात मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या जागा वाटायचा जुना नियम होता. दर चौदा जागांत ब्राह्मणेतर हिंदू सहा, मागास हिंदू दोन, ब्राह्मण दोन, हरिजन दोन, अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती एक, मुसलमान एक. ह्याविरुद्ध चंपकम दोराईराजन ह्या बाई कोर्टात गेल्या. बरोबर श्रीनिवासन नावाचे इंजिनिअरिंगचे उमेदवार होते. त्यांना ४५० पैकी ३६९ मार्क होते. चंपकम बाईंनी तर कॉलेजात अर्जसुद्धा केलेला नव्हता. ९ एप्रिल १९५१ ला सुप्रीम कोर्टानं नियम रद्द केला.

कोणत्या कलमाखाली? जातीवरून कोणाला शिक्षणसंस्थेत प्रवेश नाकारू नये, ह्या २९(२) कलमाखाली. जे वाक्य धारवाडच्या पोराला १८५६ साली लागत होतं, ते १९५१ साली पहिल्यांदा कोणाच्या कामी आलं बघा.

मद्रासेत ह्या निकालाविरुद्ध चळवळ पेटली. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि १५(४) कलम आलं. आज राखीव जागेवर कॉलेजात बसणारं प्रत्येक पोर त्या कलमावर बसलेलं आहे. बाबासाहेब तेव्हा कायदेमंत्री होते.

कमी मार्कांची लाज कोणाला?

१९८१ साली अहमदाबादेत मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी राखीव जागांविरुद्ध आंदोलन सुरू केलं. भांडण पदव्युत्तर वर्गाच्या मूठभर जागांचं. जाळपोळ मात्र दलित वस्त्यांवर. घोषणा एकच, गुणवत्ता मेली. कमी मार्कांचा डॉक्टर पेशंट मारणार.

आणि लगेच १९८३ साली आपल्या महाराष्ट्रात काय झालं? सरकारनं विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. साखरसम्राटांची शिक्षणसम्राटं झाली. देणगी भरा, जागा घ्या. इतकं माजलं की १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. २००५ साली पुण्याच्या इनामदार खटल्यात सुप्रीम कोर्टानं खासगी कॉलेजांना अनिवासी भारतीयांसाठी पंधरा टक्क्यांपर्यंत जागा ठेवायची मुभा दिली. फी अर्थातच जबर. (त्याच निकालानंतर खासगी कॉलेजांतही आरक्षण ठेवता यावं म्हणून १५(५) कलम आणावं लागलं, तेही विसरू नका.)

तर विचारायचं ते हे. देणगीच्या जागेवर बसलेल्या पोराला कमी मार्क होते तेव्हा गुणवत्तेसाठी कोणती वस्ती जळाली? कोणता मोर्चा निघाला? पंचेचाळीस टक्क्यांमागं बापाचा चेक असला की ते पोरगं ‘होतकरू’. पंचेचाळीस टक्क्यांमागं जातीचा दाखला असला की ते ‘फुकटं’. मार्क तेच. लाज फक्त आपल्याच पोरानं वाटून घ्यायची?

आणि पेशंट मारण्याचं म्हणाल तर एक साधी गोष्ट कोणी सांगत नाही. कॉलेजच्या आत शिरायची रेघ वेगळी असते. बाहेर पडायची एकच असते. एम.बी.बी.एस.चा पेपर सगळ्यांना तोच, पास व्हायचे मार्क तेच. तिथं जात विचारून पास करत नाहीत.

मोजपट्टीच बदलली

बरं, आपली पोरं भरपूर मार्क मिळवायला लागली तर? तामिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यातली अनिता. दलित मजुराची मुलगी. २०१७ साली बारावीला १२०० पैकी ११७६. तिथल्या जुन्या पद्धतीनं बारावीच्या मार्कांवर मेडिकल मिळालं असतं. पण नीट परीक्षा आली. नीटला महागडे क्लास लागतात, दुसरा अभ्यासक्रम लागतो. बारावीचे ११७६ मार्क एका रात्रीत कागद झाले. ती सुप्रीम कोर्टापर्यंत लढली. १ सप्टेंबर २०१७ ला तिनं जीव दिला.

आपल्याला तिच्या मरणाचं गाणं करायचं नाही. पोरांनो, मरायचं नाही, एकही नाही. पण तिच्या मार्कांनी जे सिद्ध केलं ते लिहून ठेवा. मार्क कमी म्हणून आपण बाहेर, हे अर्धसत्य आहे. मार्क जास्त मिळवले तेव्हा मोजपट्टी बदलली. पुढं २०२० साली तामिळनाडूनं सरकारी शाळेतून आलेल्या मुलांसाठी मेडिकलच्या साडेसात टक्के जागा वेगळ्या काढल्या. म्हंजे लोक रेटले की रेघ परत सरकते.

दिल्ली विद्यापीठात २०२१ साली काही कॉलेजांत काही विषयांची पहिली यादी शंभर टक्क्यांवर लागली. शंभर! एक मार्क गेला की बाहेर. पुढच्याच वर्षी, २०२२ ला, केंद्रीय विद्यापीठांत सामायिक प्रवेश परीक्षा आली आणि पदवीच्या प्रवेशात बारावीच्या टक्क्यांचं ते वजनच गेलं. एका वर्षात अक्कल बदलली का? नाही. हिशेब बदलला.

हिशेब साधा आहे. साठ जागा असल्या की साठाव्या पोराचे मार्क म्हंजे ‘कटऑफ’. उद्या सरकारनं एकशेवीस जागा केल्या तर एकशेविसाव्याचे. पोरगं तेच, मार्क तेच. काल ‘नालायक’ होतं, आज ‘लायक’ झालं. कटऑफ पोराची उंची सांगत नाही. सरकारनं दार किती रुंद केलं ते सांगतो.

आमच्या खात्यात एक गोष्ट कोणीही सांगेल. लांब धाग्याचा कापूस दिला तर बारीक काउंटचं सूत निघतं. आखूड, कचऱ्याचा कापूस दिला तर तोच साचा, तीच चाती, पण धागा सारखा तुटतो. तेव्हा साच्याला शिव्या देणाऱ्याला आम्ही हसतो. आधी कापूस बघ म्हणतो. शाळेला मास्तर नाही, घरात दिवसभर गोंगाट, सुट्टीत मजुरी, हा कापूस. आणि सूत तपासताना म्हणायचं की ह्या जातीला अक्कल नाही!

तर आता काय करायचं

कमी मार्क चांगले, असं मी म्हणत नाही. बाबासाहेब मॅट्रिकच्या मार्कांवर थांबले नाहीत, अठरा-अठरा तास वाचत राहिले, हेही तितकंच खरं. पण वाचायला आधी आत शिरावं लागतं. म्हणून निकालाच्या आठवड्यात कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीइतक्याच नेटानं घराघरांत जावं. काय सांगायचं ते पाठ ठेवा.

नापास झाला असला तर पुरवणी परीक्षा आहे, वर्ष वाया जात नाही. पास होऊन मार्क कमी असले तर श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसता येतं. शाळा सुटली असली तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देता येते. जोतीरावांनी हीच सवलत पदवीपर्यंत मागितली होती. इंजिनिअरिंगला राखीव वर्गाच्या मुलाला संबंधित विषयांत चाळीस टक्के लागतात आणि सीईटी द्यावी लागते. नीटसाठीही बारावीच्या विज्ञान विषयांत खुल्याला पन्नास तर आपल्याला चाळीस. म्हंजे बेचाळीस टक्क्यांवर दार बंद नाही. चाळीसच्या खाली गेला तरी बी.ए., बी.कॉम.चं दार आहे, आणि तिथून वकिली, स्पर्धा परीक्षा, संशोधन सगळं आहे. बाबासाहेबही बी.ए.च होते आधी.

जातीचा दाखला आणि पडताळणी बारावीच्या आधीच करून ठेवा. दरवर्षी किती पोरं मार्कांनी नाही, कागदांनी मागं राहतात. शिष्यवृत्तीचा अर्ज तारखेच्या आत गेला पाहिजे. मुलींच्या घरी आधी जा. तिथं ‘बस झालं’ हा शब्द निकालाच्याही आधी तयार असतो.

आणि ही झाली पोरामागची धाव. दुसरी धाव दारामागची. जागा वाढवा, वसतिगृहं वाढवा, सरकारी शाळेत मास्तर द्या, ही मागणी सोडली तर आपण जन्मभर फॉर्मच भरत बसू.

केळुसकर गुरुजी त्या दिवशी सभेला आले तेव्हा त्यांनी मार्कलिस्ट मागितली नाही. पुस्तक दिलं. ह्या जूनमध्ये आपल्या प्रत्येक वस्तीत बेचाळीस टक्क्यांचं पोरगं असणार आहे. त्याच्या दारात पहिला कोण पोचतो, आपण की मुकादम, एवढंच ठरायचं आहे.

जय भीम.